व्हॉल्व्ह ॲम्पची घूं: घालवली तरी परत का येते?

लक्षण ओळखीचं आहे. ॲम्प चालू केला, पंधरा-वीस सेकंदांत व्हॉल्व्ह (आवाज वाढवणाऱ्या काचेच्या नळ्या) तापले आणि गिटार लावायच्या आधीच स्पीकर घुमायला लागला. घूंऽऽ. कोणीतरी सांगतं, कंडेन्सर बदल. बदलला, थोडी कमी झाली, महिनाभर बरं चाललं. मग पुन्हा तेच. दुसरा सांगतो, ट्रान्सफॉर्मर फिरवून बसव. तेही केलं, आणि पावसाळा लागताच पुन्हा घूं.

माझ्या घरगुती ॲम्पची घूं चार वेळा आली आणि चार वेळा गेली. तीनदा मी असंच धरून चाललो की जुनंच दुखणं उलटलंय. तसं नव्हतं. दर वेळी कारण वेगळं होतं, फक्त कानाला सारखं लागत होतं. त्या नादात मी चांगले कंडेन्सर तीनदा काढून फेकले. आता कथील वितळवायच्या आधी ही घूं कोणती, ते ठरवतो. ते कसं ठरवतो, ते इथं सांगतो.

ॲम्प म्हणजे फेंडर या अमेरिकन कंपनीच्या चँप नावाच्या जुन्या गिटार ॲम्पचं सर्किट, ५एफ१. १९५० च्या दशकातलं. पहिलाच व्हॉल्व्ह ॲम्प हातानं बांधणारे बहुतेक जण इथूनच सुरुवात करतात, कारण यात व्हॉल्व्ह तीनच: पुढं १२एएक्स७, म्हणजे आपल्या जुन्या रेडिओवाल्यांचा ईसीसी८३, शेवटी ६व्ही६ आणि रेक्टिफायरला, म्हणजे एसीचं डीसी करायला, ५वाय३. आउटपुट साधारण पाच वॅट. खोलीत वाजवायला ते भरपूर होतात, शेजारी साक्ष देतील. तुमचा ॲम्प जुन्या रेडिओच्या सामानातून ईएल८४ वर उभा केलेला असेल तरी खालचं बहुतेक सगळं लागू पडतं. फक्त बेसच्या पिनांचे नंबर बदलतात.

यातला एकच आउटपुट व्हॉल्व्ह सगळा भार ओढतो. दोन व्हॉल्व्हच्या पुशपुल ॲम्पमध्ये सप्लायमधली लहर आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये बरीचशी एकमेकींत मरते. इथं ती मरत नाही. त्यामुळे चँप जातीचा ॲम्प अगदी कब्रस्तानासारखा शांत कधीच होणार नाही. स्पीकरला कान लावल्यावर बारीक घूं ऐकू आली तर सोडून द्या. खोलीच्या दारातून ऐकू आली तर पुढं वाचा.

आधी हात सांभाळा

एचटी, म्हणजे व्हॉल्व्हना लागणारी चढी डीसी, साडेतीनशे व्होल्टच्या आसपास असते. प्लग काढला तरी कंडेन्सरमध्ये ती तशीच बसलेली असते. पहिल्या कंडेन्सरच्या दोन टोकांत २२० के (किलो-ओम), २ वॅटचा रेझिस्टर कायमचा लावून टाका. माझ्याकडे तिन्ही कंडेन्सर मिळून ५४ मायक्रोफॅरड आहेत. हिशेब केला तर साधारण मिनिटभरात सगळं रिकामं होतं. तरीही दर वेळी मीटर लावून बघायचं. रेझिस्टरचा सांधा सुटलेला असू शकतो, आणि तो सुटलाय हे बोटाला कळण्यापेक्षा मीटरला कळलेलं बरं. चालू ॲम्पमध्ये मोजायचं तर मीटरची काळी पिन क्रोकोडाइल क्लिपनं चॅसीला (ॲम्पच्या धातूच्या पेटीला), डावा हात खिशात.

दुसरं म्हणजे स्पीकर न लावता ॲम्प चालवायचा नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. आणि काहीही उघडून बदललं की पहिल्यांदा सिरीज बोर्डवरच चालू करायचा. रेडिओ दुरुस्तीवाल्यांकडे असतो तोच, १०० वॅटचा पिवळा बल्ब सिरीजमध्ये. बल्ब एकदा उजळून मंद झाला तर ठीक. लखलखीत पेटून राहिला तर कुठंतरी शॉर्ट आहे.

कानानं ओळखायची घूं

आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. फुलवेव्ह रेक्टिफायरमधून जी लहर निघते ती दुप्पट, म्हणजे १०० हर्ट्झ. फिलामेंटमधून, म्हणजे व्हॉल्व्हला आतून तापवणाऱ्या तारेतून, जी शिरते ती ५० ची. हे दोन ओळखता आले की अर्धं काम झालं, आणि त्यासाठी गिटारच पुरते. जाड ई तारेच्या तिसऱ्या पट्टीवरचा जी स्वर ९८ हर्ट्झचा असतो. ट्यून केलेल्या गिटारवर तो ॲम्पशिवायच वाजवा आणि घूंशी जुळवून बघा. जवळपास तिथंच, केसभर वर लागली तर ती १०० ची, म्हणजे सप्लायकडून येतेय. तिच्या एक सप्तक खाली, पोटात जाणवल्यासारखी लागली तर ५० ची. आठ इंची स्पीकर ५० हर्ट्झ धड वाजवत नाही, म्हणून ती घूं मऊ आणि लांबून आल्यासारखी वाटते. कानावर भरवसा नसेल तर फोनवर स्पेक्ट्रम दाखवणारं एखादं ॲप टाका.

अमेरिकन व्हिडिओ बघून स्वर जुळवायला जाल तर फसाल. त्यांची वीज ६० हर्ट्झची, म्हणून त्यांची सप्लायची घूं १२० वर, ए शार्प आणि बी यांच्या बरोबर मधोमध. मी पहिल्यांदा तोच स्वर शोधत बसलो होतो.

तिसरी जात झर्र करणारी. मूळ १०० चंच, पण वर काटे असलेली, डासाला राग आल्यासारखी. ही बहुतेक वेळा ग्राउंडच्या वायरिंगची किंवा बाहेरून हवेतून येणारी. मऊ घूं आणि काटेरी झर्र यांतला फरक एकदा कानात बसला की मीटर लावायच्या आधीच आपण निम्म्या वाटा बंद करतो.

व्हॉल्व्ह उपटून शोध

आता कुठल्या खोलीत चोर आहे ते. व्हॉल्यूम शून्यावर आणा. चँपमध्ये व्हॉल्यूमचा पॉट (नॉबखालचा कमीजास्त होणारा रेझिस्टर) १२एएक्स७ च्या दोन अर्ध्यांच्या मधे बसतो. शून्यावर घूं गेली तर ती पॉटच्या आधी आहे: इनपुट जॅक, पहिला अर्धा, किंवा गिटार आणि खोली. शून्यावरही तशीच राहिली तर दुसरा अर्धा, ६व्ही६ किंवा सप्लाय. एक गंमत अशी की कधीकधी शून्यावर कमी, दहावर कमी आणि मधेच जास्त असते. पॉट मधे असताना पुढच्या ग्रिडला (व्हॉल्व्हमधल्या, सिग्नल घेणाऱ्या जाळीला) दिसणारा रेझिस्टन्स सगळ्यात जास्त असतो, म्हणून ती ग्रिड आणि तिची वायर आसपासचं काहीही उचलते. पॉटपासून पिन ७ पर्यंतची वायर फिलामेंटच्या वायरीपासून लांब न्या, बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं.

शून्यावरही राहिली तर ॲम्प बंद करून १२एएक्स७ काढा आणि पुन्हा चालू करा. घूं गेली म्हणजे ती त्या व्हॉल्व्हच्या टप्प्यात तयार होत होती. राहिली म्हणजे ६व्ही६ आणि सप्लाय. दुसरा १२एएक्स७ हाताशी असेल तर आधी तोच घालून बघा. आतल्या आत कॅथोड (फिलामेंटनं तापून इलेक्ट्रॉन सोडणारा भाग) आणि फिलामेंटमध्ये गळती असलेला व्हॉल्व्ह घूं करतो आणि बाहेरून पत्ता लागत नाही.

६व्ही६ मात्र काढून ॲम्प चालवत बसू नका. ट्रान्सफॉर्मर ३२५-०-३२५ चा, म्हणजे मधल्या टोकापासून दोन्हीकडे ३२५ व्होल्टचा, असेल तर भार नसताना कंडेन्सर शिखरापर्यंत चढतो, ३२५ गुणिले १.४१४, म्हणजे ४६० व्होल्ट. बाजारात हमखास मिळणारा कंडेन्सर ४५० चा. त्यात रात्री अकरानंतर माझ्या घरी मीटरवर २४५ दिसतात, तेव्हा हाच आकडा ४९० होतो. मी आता सरसकट ५०० व्होल्टचेच वापरतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर एका फेरीत मिळाले नाहीत तरी दुसरी फेरी मारायची.

कंडेन्सर: सगळ्यांचा पहिला संशयित

मऊ, १०० ची घूं, व्हॉल्यूमनं न हलणारी, १२एएक्स७ काढला तरी तशीच. हे चित्र असेल तरच कंडेन्सरकडे जा.

थोडा हिशेब करून बघू, म्हणजे किती मोठा लावायचा ते कळेल. ॲम्प साधारण ५० मिलिॲम्प ओढतो. शंभर हर्ट्झला दोन शिखरांत १० मिलिसेकंदांचं अंतर. तेवढ्या वेळात १६ मायक्रोफॅरडचा पहिला कंडेन्सर जास्तीत जास्त ३१ व्होल्टनं उतरतो. अमेरिकेत हाच आकडा २६ येतो, कारण तिथं पुढचं शिखर लवकर येतं. म्हणजे तोच नकाशा, तेच सामान, तरी आपल्याकडे घूं वीस टक्के जास्त. पुढं १० के रेझिस्टर आणि ८ चा कंडेन्सर मिळून ही लहर पन्नासेक पटीनं खाली आणतात, ६व्ही६ च्या स्क्रीनला (आतल्या दुसऱ्या जाळीला) अर्धा-पाऊण व्होल्ट उरतो. तिसरा टप्पा, २२ के आणि ८, ती काही मिलिव्होल्टवर नेतो.

म्हणून पहिला कंडेन्सर थोडा वाढवा, २२ करा, पण ५वाय३ च्या पुढं ४७ किंवा १०० लावू नका; चालू करताना जो भरण्याचा झटका बसतो तो व्हॉल्व्ह रेक्टिफायरला झेपत नाही. दुसरा आणि तिसरा वाढवायला मोकळीक आहे, कारण त्यांच्या आधी रेझिस्टर बसलेत. माझ्याकडे आता २२, २२, १० आहेत. संशय असलेल्या कंडेन्सरवर चांगला कंडेन्सर समांतर लावून बघायची पद्धत जुनी आणि बरोबर आहे. फक्त प्लग काढून, रिकामा करून, सोल्डर करून, मग चालू. चालू ॲम्पमध्ये क्लिपा टेकवायच्या नाहीत.

एवढं करून घूंमध्ये फरकच पडला नाही तर थांबा. इथंच मी दोन वेळा चुकलो. फरक पडत नाही म्हणजे कंडेन्सर निर्दोष आहे. अजून मोठा लावणं म्हणजे ताप नसलेल्याला आणखी क्रोसिन.

रेक्टिफायर असून ५० ची?

एक फसवी शक्यता इथंच सांगून टाकतो. सप्लायमधूनही ५० हर्ट्झ येऊ शकते. ५वाय३ ची एक प्लेट काम करत नसेल किंवा एचटीच्या वाइंडिंगचं एक टोक बेसवर सुटलेलं असेल तर फुलवेव्हचा हाफवेव्ह होतो. एचटीही खाली पडलेली दिसते.

याचंच सौम्य रूप माझ्या ट्रान्सफॉर्मरमध्ये निघालं. तो एका वाइंडिंगवाल्या काकांकडून गुंडाळून घेतला होता. काकांनी कागद बघून विचारलं, “साहेब, रेडिओ बनवताय का?” गिटारचा म्हटल्यावर त्यांनी मान हलवली आणि आधी एक अर्धा, त्याच्यावर दुसरा अर्धा गुंडाळून दिला. वरच्या अर्ध्याचा घेर मोठा, तेवढ्याच वेढ्यांना तार जास्त. भारावर मोजलं तर एका बाजूला ३१८, दुसऱ्या बाजूला ३३१. एक शिखर उंच, एक बुटकं, आणि शंभराच्या घूंखाली पन्नासची सावली. दुसरा ट्रान्सफॉर्मर करून घेतला तेव्हा दोन्ही अर्धे दोन तारा एकत्र धरून गुंडाळायला सांगितले. काका म्हणाले, “इन्सुलेशनला जड जाईल.” जड जातंच, कारण शेजारच्या दोन तारांत एका अर्ध्याचं पूर्ण व्होल्टेज येतं. शेवटी त्यांनीच तोडगा काढला: बॉबिनचे दोन कप्पे केले, शेजारी शेजारी. आता फरक दोन व्होल्टचा.

घूं पहिली: पंधरा सेंटिमीटर वायर

माझी पहिली घूं खरं म्हणजे झर्र होती. नवा ॲम्प, पहिलाच दिवस, सगळे व्होल्टेज बरोबर, आणि दिवाळीच्या भुईचक्रासारखा आवाज. कंडेन्सर बदलण्याची पहिली फेरी तेव्हा झाली.

दोष असा होता. एचटीच्या सेंटर टॅपची, म्हणजे वाइंडिंगच्या मधल्या टोकाची, वायर मी जवळच्या टॅगवर (सोल्डर करायच्या पत्रीवर) सोल्डर केली होती, कारण ती तिथपर्यंत सहज पोचत होती. त्याच टॅगवर १२एएक्स७ च्या कॅथोडचं ग्राउंड. तिथून पंधरा सेंटिमीटरची बारीक वायर पहिल्या कंडेन्सरच्या निगेटिव्हला. म्हणजे कंडेन्सर भरणारा करंट त्या बारीक वायरीतून घरी जात होता. हा करंट सलग वाहत नाही, शिखराशी धपकन येतो, सेकंदाला शंभर धपके. धपका ३०० मिलिॲम्पचा धरा. वायरीचा रेझिस्टन्स ०.०१३ ओम. गुणाकार केला की चार मिलिव्होल्ट. ऐकायला काहीच नाही, पण गिटारचा पिकअप हळू छेडल्यावर पन्नास-शंभर मिलिव्होल्टच देतो, आणि हे चार त्याच दारातून आत शिरतात. मीटरनं ती वायर शून्य ओम दाखवते. म्हणून हा दोष मीटरला सापडत नाही.

उपाय: सेंटर टॅप थेट पहिल्या कंडेन्सरच्या निगेटिव्ह पायावर. मधे काही नाही. ६व्ही६ च्या कॅथोडचा ४७० ओम आणि स्पीकरचं ग्राउंड तिथंच किंवा दुसऱ्या कंडेन्सरच्या पायावर. १२एएक्स७ ची सगळी ग्राउंडं तिसऱ्या कंडेन्सरच्या पायावर. हे पाय एका माळेत जोडायचे आणि माळेचं शेवटचं टोक, इनपुट जॅकजवळ, एकाच जागी चॅसीला. जॅक धातूच्या बुशवाला असेल तर तो आपोआप चॅसीला टेकतो. मग तीच ती एक जागा धरायची आणि दुसरी करायची नाही. दोन ठिकाणी टेकलं की लूप झाला. प्लास्टिक बॉडीचा जॅक वापरला तर जागा आपण निवडू शकतो.

दहा मिनिटांचं काम. झर्र पूर्ण गेली. मी त्या रात्री दोनपर्यंत वाजवलं.

घूं दुसरी: फिलामेंट

दोन महिन्यांनी १२एएक्स७ बदलला, दुसऱ्या बनावटीचा आणला, आणि घूं परत. साहजिकच ग्राउंड सुटलं असं वाटलं. सगळे सांधे पुन्हा तापवले. काही नाही. मग गिटारवर स्वर जुळवला, आणि जी खालच्या सप्तकात लागला. पन्नास.

फिलामेंटची घूं पक्की करायला माझ्याकडे एक रामबाण चाचणी आहे. घरातल्या इमर्जन्सी दिव्याची ६ व्होल्टची, ४ अँपिअरअवरची बॅटरी काढा. ॲम्पमधलं ६.३ व्होल्टचं वाइंडिंग पूर्ण सोडवा, टोकांना टेप लावा, आणि फिलामेंट त्या बॅटरीवर चालवा, बॅटरीचं निगेटिव्ह ग्राउंडला. १२एएक्स७ ०.३ अँपिअर घेतो, ६व्ही६ ०.४५, मिळून पाऊण. ताजी चार्ज केलेली बॅटरी चाचणीपुरती आरामात टिकते. ५वाय३ चं ५ व्होल्टचं वाइंडिंग वेगळं असतं, त्याला हात लावायचा नाही. घूं गेली तर खटला निकाली. माझी गेली.

पुढचं काम वायरींचं. प्लग लावून, कुल्फीची कोरडी लाकडी काडी घेऊन फिलामेंटच्या वायरी एकेक करून हलवल्या. पिन २ च्या ग्रिडजवळून जाणारा एक लूप काडीनं वर उचलला की घूं निम्मी, खाली सोडला की पूर्ण. तो लूप मीच ठेवला होता, नऊ पिनांच्या बेसवर दोन वायरी दोन बाजूंनी आणल्या होत्या. ४ आणि ५ एकत्र, ९ वेगळी, हे खरं; पण दोन्ही वायरी एकमेकींना घट्ट पीळ देऊन एकाच बाजूनं आणायच्या आणि शेवटच्या सेंटिमीटरपर्यंत पीळ सोडायचा नाही. वेणी घालतात तसं.

तेवढ्यानं निम्मं झालं. उरलेलं सेंटर टॅपनं गेलं. माझ्या ६.३ च्या वाइंडिंगला सेंटर टॅप नव्हता, एक टोक सरळ ग्राउंडला होतं. ते काढलं आणि दोन्ही टोकांना १०० ओम, अर्ध्या वॅटचा एकेक रेझिस्टर लावून त्यांचा मधला बिंदू घेतला. हा बिंदू ग्राउंडला न नेता ६व्ही६ च्या कॅथोडला, पिन ८ ला, जोडला. तिथं फुकटात एकोणीस-वीस व्होल्ट डीसी असतात. फिलामेंट कॅथोडपेक्षा वर राहिलं की त्यातून कॅथोडकडे होणारी गळती थांबते. खर्च दोन रेझिस्टरचा. नवा व्हॉल्व्ह वाईट नव्हताच, जुना फक्त माझं वायरिंग खपवून घेत होता.

ट्रान्सफॉर्मर फिरवणं

हेही ५० चंच, पण वायरीतून न येता चुंबकानं येतं. सप्लायचा ट्रान्सफॉर्मर आउटपुटच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये थेट शिरतो. रेक्टिफायरसकट सगळे व्हॉल्व्ह काढले (मग एचटीच नसते) तरी स्पीकरमध्ये बारीक घूं येत असेल तर हेच. चॅसीला भोकं पाडायच्या आधीच याचा बंदोबस्त करता येतो. सप्लायचा ट्रान्सफॉर्मर एकटाच टेबलवर ठेवून प्रायमरी चालू करायची, बाकी सगळी टोकं वेगवेगळी टेप लावून. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या स्पीकरच्या बाजूला हेडफोन जोडायचा आणि तो हातानं सरकवत, वळवत ऐकायचं. काटकोनात एक जागा अशी येते की घूं गपकन बुडते. पेन्सिलनं खूण, मग भोक. परदेशातून मागवलेला ६० हर्ट्झचाच ट्रान्सफॉर्मर असेल तर तो आपल्या ५० वर जास्त तापतो आणि जास्त चुंबक बाहेर सांडतो. अशा वेळी जागा शोधण्यापेक्षा ट्रान्सफॉर्मर बदला.

घूं तिसरी: जुलै

तिसऱ्या घूंनं सगळ्यात जास्त पिडलं, कारण ती हजेरी लावून जायची. सकाळी नाही, पाऊस पडत असला की आहे. व्हॉल्यूमच्या नॉबवर हात ठेवला की कमी, काढला की जास्त. ही खूण महत्त्वाची: चॅसीला किंवा नॉबला हात लावल्यावर आवाज बदलतो म्हणजे चॅसी आणि सर्किटचं ग्राउंड यांतला सांधा कमजोर आहे. मग चॅसी आडोसा देण्याऐवजी अँटेना होते.

ग्राउंडची ती एकुलती एक जागा मी बोल्टनं चॅसीवर आवळली होती. चॅसी ॲल्युमिनियमची, वर काळा पावडर कोट. रंग मी नखाएवढाच खरवडला होता. वर तांब्याचा लग, म्हणजे वायरीच्या टोकाची भोकाची पत्री. दमट हवेत ॲल्युमिनियम आणि तांबं यांचं जमत नाही, मधे पांढरी भुकटी धरते. मीटर लावला तर बोल्टला १२ ओम. बोल्ट थोडा हलवला तर ०.३, सोडला तर पुन्हा ९. रंग रुपयाच्या नाण्याएवढा घासून काढला, दातेरी वॉशर घातला, लग कथिल चढवलेला लावला, वर दुसरा नट. तेव्हापासून दोन पावसाळे गेले.

त्याच वेळी मेनच्या अर्थिंगचा बोल्टही तपासला. तो वेगळाच हवा, त्यावर दुसरं काहीही नको, आणि प्लगच्या जाड पिनेपासून चॅसीपर्यंत मीटर अर्ध्या ओमच्या आत दाखवायला हवा. घूं घालवायला अर्थची वायर कापा, असं सांगणारे भेटतात. घूं खरंच जाते. पण मग ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन गेलं तर २३० व्होल्ट गिटारच्या तारांवर येतात, आणि तारा तुमच्या दहा बोटांत असतात. लूप असेल तर तो ॲम्पच्या आत सोडवा. जुन्या घरात तीन पिनी सॉकेटच्या वरच्या भोकात वायरच नसते. वायरमनला बोलावून घ्या. तारांना हात लावल्यावर घूं कमी होणं साधारण आहे. हाताला झिणझिण्या येणं अजिबात साधारण नाही, तिथं ॲम्प बंद.

घूं चौथी: ॲम्पची नव्हतीच

चौथ्यांदा झर्र आली तेव्हा मी ॲम्प उघडला नाही. गिटार काढली, आवाज बंद. गिटार लावली आणि खुर्चीवर गोल फिरलो. खिडकीकडे तोंड केलं की कमी, भिंतीकडे केलं की जास्त. दिशेनं बदलणारी घूं हवेतली असते, सिंगल कॉइल पिकअप ती उचलतो. भिंतीवर नवा पंख्याचा रेग्युलेटर बसवला होता, गुळगुळीत फिरणारा. तो विजेची लाट अर्ध्यातून कापतो आणि त्या कापलेल्या कडा घरभर वायरीतून झर्र करतात. पंखा फुल केला, झर्र गेली. टकटक करत पायऱ्यापायऱ्यांनी फिरणारा रेग्युलेटर आत कंडेन्सर वापरतो, तो असं करत नाही. तसला आणून लावला. आजोबांच्या घरी भिंतीवर डब्याएवढा, हात लावला तर गरम लागणारा रेग्युलेटर असायचा, त्याच्याशीही गिटारचं भांडण झालं नसतं.

इन्व्हर्टरचंही हेच. वीज गेल्यावर स्वस्त स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर ॲम्प झर्र करतो आणि शिवाय मलूल वाजतो. साइन लाटेचं शिखर ३२५ व्होल्टला असतं, चौकोनी लाटेचं २३० लाच, म्हणून फिलामेंट नीट तापतात पण एचटी तीस टक्क्यांच्या आसपास खाली येते. त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही. वीज येईपर्यंत गिटार नुसतीच वाजवा.

सध्याचा हिशेब: व्हॉल्यूम शून्यावर, ४ ओमच्या स्पीकरच्या टोकांना एसी ३ मिलिव्होल्ट. पहिल्या दिवशी ६० होते. हा आकडा मी कॅबिनेटच्या आतल्या बाजूला तारखेसह पेन्सिलनं लिहून ठेवतो, आणि त्याच्या शेजारी घूं १०० ची, ५० ची की काटेरी, ते. या जुलैत घूं आली नाही, पण मोठ्या पावसात तळल्यासारखा चर्रर्र आवाज यायला लागलाय. सर्किट जुन्या हायलमच्या (कडक लॅमिनेटच्या) पट्टीवर आहे, आणि पट्टीवर दोन टॅगांच्या मधे, जिथं काहीच नसायला हवं तिथं, मीटर साडेचार व्होल्ट दाखवतोय. केसांच्या ड्रायरनं गरम केलं की शून्य. नवी पट्टी ग्लास इपॉक्सीची कापून ठेवलीय. रविवारी बदलतो.